पोटाच्या मापाचं कडवं

ओद्नीनं तोंडातला घास कागदी रुमालात थुंकला, आणि नेमका त्याच वेळी सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या इंग्वारसाठी होत्या. तो समोर मंचावर उभा होता, नक्षीचा लोकरी स्वेटर घालून, हातात पेला धरून, आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे असा बघत होता की जणू आख्खं खोरं त्याच्याच मांडीवर वाढलंय.

"थांबा, थांबा," तो म्हणाला. "कडवं अजून संपलेलं नाही."

"आटप रे बाबा! शार्क नासतोय इकडे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तो पुरून नासवलेलाच असतो, मेल्या. आता आणखी काय नासायचंय त्याचं?" इंग्वारनं मंचावरूनच सुनावलं.

हशा पिकला. ऐन हिवाळ्यातलं खोऱ्याचं एकत्र जेवण होतं ते. एके काळी ते रात्रभर चालायचं, पण आता खोऱ्यात म्हातारीकोतारीच उरली होती. अंधारात, बर्फात गाड्या कोण हाकणार? म्हणून हल्ली सगळं दुपारीच उरकायचं. प्रत्येक घरानं आपापली काठवट भरून आणायची, टेबलावर मांडायची, आणि एकमेकांच्या काठवटीतलं चाखत, नावं ठेवत, पीत बसायचं, हा रिवाज. आंबवलेले मेंढ्याचे अंड, भाजलेली मुंडकी, सुकवलेला मासा, काळा गोडसर पाव, आणि धुरी दिलेलं मांस. यंदा इंग्वारच्या घरची काठवट मुद्दाम टेबलाटेबलावरून फिरवली जात होती. शेवटी तो इंग्वार होता. बाकीच्यांच्या काठवटींना कोण विचारतो?

ओद्नीच्या शेजारी सिगफूस बसला होता. ऐंशीचा ब्रह्मचारी गडी. त्यानं कवळी काढली, बाहीला पुसली आणि परत बसवली.

"काय गं हे," तो कुजबुजला. "इंग्वारनं आपल्या जुन्या बुटालाच धुरी दिलीय की काय?"

ओद्नी हसली नाही. तिनं ताटातल्या तुकड्याला काट्यानं उलटंपालटं केलं. कडेला चरबीची पांढरी रेघ असायला हवी होती, ती नव्हती. मांस काळपट, दोरीसारखं, नुसत्या शिरांचं. मधे हाडाचा गोल तुकडा होता. तिनं काट्याचं टोक हाडात घातलं. आत पांढरा घट्ट मगज हवा, त्याऐवजी लालसर, पाणचट काहीतरी बाहेर आलं आणि बटाट्याला लागलं.

तिनं काटा खाली ठेवला.

ओद्नी पंचायतीची वैरण-तपासनीस होती. हिवाळ्याच्या तोंडाशी घरोघर जायचं, गवत किती, जनावरं किती ते बघायचं, कुणाकडे कमी पडणार असेल तर आधीच सांगायचं, आणि हिवाळा सरता सरता पुन्हा एक फेरी मारायची, एवढंच तिचं काम. मान काही मोठा नव्हता, पगार तर त्याहून लहान. पण उपाशी जनावर कसं मरतं हे तिनं पाहिलं होतं. आधी ते पाठीवरची चरबी खातं, मग आतड्यांवरची. सगळं सरलं की हाडातला मगज खातं. त्यानंतर खायला काही उरत नाही.

आणि हे मांस इंग्वारच्या घरचं होतं!

"तर पोटाच्या मापाचं कडवं," मंचावरून इंग्वार म्हणत होता. त्याचा आवाज जाड, उबदार, अंगावर गोधडी घातल्यासारखा. "जनावराला चरणं कधी थांबवायचं ते कळतं, अधाशी माणसाला आपल्या पोटाचं माप कळत नाही. आपल्या पूर्वजांनी त्या एकाक्ष देवाच्या तोंडून हे सांगून ठेवलं, तेव्हा फ्रीज नव्हते. आज काय आहे? तिकडे राजधानीत, रेक्याविकात, माणशी दोन मोटारी! टीव्हीसमोर बसून ताटं रिकामी करायची आणि कर्जासाठी बँकेच्या दारात उभं राहायचं. म्हणून मी म्हणतो, आजच्या दिवसाला या कडव्याचा अर्थ एकच. माप म्हणजे आपल्या घरात जे आहे त्यात भागवणं. माप म्हणजे शेजाऱ्यापुढे हात न पसरणं!"

"वा!" ब्रांदुर म्हणाला. ब्रांदुर म्हणजे पंचायतीचा प्रमुख. त्याच्या हनुवटीवर मुंडक्याची चरबी ओघळत होती.

इंग्वारचा हाच धंदा. धंदा म्हणजे पोटाचा नव्हे, पोटासाठी होल या त्याच्या शेतावरची मेंढरं होती. पण रविवारी सकाळी रेडिओवर दहा मिनिटं त्याची असायची. एक जुनं कडवं घ्यायचं आणि ते आजच्या माणसाला कसं लागू पडतं ते सांगायचं. पाहुण्याच्या कडव्यावरून त्यानं सांगितलं, कुणी घरी आलं की टीव्ही बंद करा. दारूच्या कडव्यावरून सांगितलं, प्यायच्या आधी गाडीची किल्ली बायकोकडे द्या. लवकर उठण्याच्या कडव्यावरून तर तो करभरणीच्या अर्जांपर्यंत पोचला होता. लोक हसायचे, पण ऐकायचे. खोऱ्याचं नाव देशभर झालं ते इंग्वारमुळे.

ओद्नीही ऐकायची. नुसती ऐकायची कसली, ती त्या आवाजावर जगली होती. तिचा नवरा ह्याल्ती ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या गेला, त्या हिवाळ्यात तिच्या दारात फिरकलेला माणूस एकच, इंग्वार. दर गुरुवारी यायचा. शब्द न बोलता चुलीची राख काढायचा, तिच्या मेंढ्यांना गवत टाकायचा, मग कॉफी घेताना म्हणायचा, "मित्राच्या घरच्या वाटेवर गवत वाढू द्यायचं नाही, ओद्नी, कडव्यातलं मला एवढंच कळतं." ते काही खोटं नव्हतं. तो खरंच आला होता. म्हणून तर आता तिला जास्त मळमळत होतं.

ती उठली. थुंकलेल्या घासाचा रुमाल मुठीत तसाच होता. दोन-चार माना तिच्याकडे वळल्या. मंचाजवळच्या टेबलावर इंग्वारची बायको सोलवेग बसली होती. तिनं ओद्नीच्या ताटाकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं, आणि कॉफीची रिकामी किटली उचलून मागच्या स्वयंपाकघरात निघून गेली. ओद्नी तिच्या मागोमाग गेली.

सोलवेगनं नळ सोडला होता. किटली भरून वाहत होती तरी तिनं तो बंद केला नाही.

"कधीपासून?" ओद्नीनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"सोलवेग, मी ते मांस तोंडात घातलंय. माझ्याशी खेळू नकोस."

सोलवेगनं नळ बंद केला. बाहेर पुन्हा टाळ्या पडल्या.

"नाताळाच्या आधीपासून," ती म्हणाली. "तुझी पहिली फेरी झाल्यावर चांगलं गवत त्यानं विकलं. शहरातले घोडेवाले आले होते, भाव बरा मिळाला. म्हणाला, यंदा हिवाळा सौम्य जाणार, मागच्या वर्षीचं जुनं गवत पुरेल. ते जुनं उघडलं तर आत सगळं काळं, बुरशीचं. हुंगून मेंढ्या मागं सरायच्या."

"मग मागायचं होतं! माझ्याकडे पडलंय, सिगफूसकडे पडलंय."

"मागायचं?" सोलवेग हसली. फार वाईट हसली ती. "ज्यानं आख्ख्या देशाला माप शिकवलं त्यानं हिवाळ्यात दारोदार गवत मागायचं? मी एकदा म्हटलं, मी जाते. तर त्यानं गाडीची किल्ली खिशात घातली. तेव्हापासून खिशातच आहे. मी ओटचं पीठ नेऊन घालायचे त्यांना, पाव घालायचे, बटाट्याची सालं घालायचे. किती पुरणार? ज्या पडायला आल्या त्या त्यानं कापल्या. वाया कशाला घालवायच्या म्हणाला."

"आणि ते तुम्ही काठवटीत भरून आणलंत! आम्हाला खायला!"

"रिकाम्या काठवटीनं कसं यायचं, ओद्नी?"

शी!  ओद्नीनं रुमाल कचऱ्याच्या डब्यात फेकला आणि कोट शोधायला लागली.

"आज नको जाऊस," सोलवेग म्हणाली. "तुझी दुसरी फेरी हिवाळा सरता सरता असते ना. तोवर सगळं संपलेलं असेल. कुणाला काही कळणार नाही."

"आहेत अजून जिवंत?"

सोलवेगनं किटलीचं झाकण लावलं.

"आहेत. पण आता ओरडत नाहीत. आधी मी दार उघडलं की केवढा गलका व्हायचा. आता दार उघडलं तरी नुसत्या बघतात."

ओद्नीनं तिला तिचा कोट दिला. "चल," ती म्हणाली. "दार तूच उघड."

होलचा मेंढवाडा घरामागे उतारावर होता, पत्र्याचा, लाल रंगाचा. दुपारचा तेवढा उजेड होता, बर्फावरून उलटा येणारा. खोऱ्यात कुणाच्या मेंढवाड्यात न बोलावता शिरत नाहीत. माणूस एक वेळ कुणाच्या झोपायच्या खोलीत डोकावेल, पण मेंढवाड्यात नाही, कारण तिथे त्याची खरी ऐपत दिसते. ओद्नीसुद्धा तपासणीला जायची ती आधी कॉफी पिऊन आणि घरधन्याला पुढे घालून. आज घरधनी मंचावर होता. सोलवेगनं दाराची खिटी काढली.

आधी वास आला. मेंढवाड्याला वास असतोच. लोकरीचा, शेणामुताचा, ओल्या गवताचा, आणि त्यात वाढलेल्या माणसाला तो घरच्यासारखा वाटतो. हा वास तो नव्हता. हा गोड होता. गोड आणि जड, घशात चिकटणारा. फळ्यांच्या जमिनीखालच्या खड्ड्यातून तो वर येत होता, आणि वाकून न बघताही ओद्नीला कळलं, खाली मेलेल्या मेंढ्या टाकल्यात.

मेंढ्या गव्हाणीला उभ्या होत्या. काही बसल्या होत्या. एकमेकींची लोकर खाऊन त्यांनी पाठी उघड्या केल्या होत्या, जागोजागी गुलाबी कातडं दिसत होतं. गव्हाणीची कडेची फळी कुरतडून कुरतडून पातळ झाली होती. सगळ्या गाभण होत्या. एकीनंही आवाज केला नाही. त्यांनी फक्त दाराकडे माना वळवल्या.

भिंतीवर खिळ्याला एक छोटा रेडिओ टांगला होता, बारीक आवाजात चालू. कुणीतरी हवामान सांगत होतं.

"सोबत असावी म्हणून," सोलवेग ओशाळून म्हणाली.

"तुझी लाज मोठी, की ह्यांचा जीव गं?" ओद्नी तिच्यावर ओरडली. सोलवेगनं मान खाली घातली. तिला आणखी बोलून उपयोग नव्हता. ओद्नीनं जवळच्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. लोकरीखाली नुसता कणा लागला, करवतीच्या पात्यासारखा.

बाहेर गाड्या थांबल्याचा आवाज झाला. दारं आपटली. इंग्वार आत आला, पाठोपाठ ब्रांदुर, आणि त्यांच्यामागे धापा टाकत सिगफूस. ब्रांदुरनं दारातच नाकाला रुमाल लावला.

"ओद्नी," इंग्वार म्हणाला. आवाज तोच, गोधडीसारखा. "जेवण अर्धवट टाकून आलीस ती इथे? मला विचारलं असतंस तर मी स्वतः घेऊन आलो असतो. बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्या पाहुण्याबद्दल कडव्यात काय म्हटलंय, माहिती आहे ना?"

"असेल म्हटलेलं. तुझ्याकडे सगळ्यावर कडवं आहे," ओद्नी म्हणाली. "ये इकडे. हिच्या पाठीवर हात ठेव."

"नाटक नको करूस."

"हात ठेव म्हणते!"

इंग्वारनं हात खिशातून काढला नाही. सणाचा स्वेटर होता अंगावर. तो मेंढीकडे बघतसुद्धा नव्हता, तो तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होता. सिगफूस मात्र कुणी न सांगता पुढे आला. त्यानं हातमोजा काढला, म्हातारा हात त्या कण्यावरून फिरवला, आणि हात काढून घेऊन तो पँटीला पुसत राहिला, पुसतच राहिला.

"गवतानं दगा दिला," इंग्वार म्हणाला. "हवेनं दगा दिला. शेतकऱ्याच्या आयुष्यात असा एखादा हिवाळा येतो. शहाणा माणूस अशा वेळी गप्प बसतो, बोभाटा करत नाही. मी मार्ग काढत होतो."

"मार्ग? कापून काठवटीत भरत होतास!"

"हे बघ, ओद्नी," ब्रांदुर रुमालाआडून म्हणाला, "झालं ते वाईटच झालं. पण आज सणाचा दिवस. उगाच चव्हाट्यावर कशाला न्यायचं? आपण आपल्यात मिटवू. गवत देऊ त्याला गुपचूप. तुझा अहवाल हिवाळा सरल्यावर जायचा तो तसाच जाऊ दे. खोऱ्याचं नाव त्याच्यामुळे आहे, बाई. उद्या पेपरात आलं तर आपली सगळ्यांची छी थू होईल."

"छी थूच आहे ही! नाक का दाबलंयस मग? काढ तो रुमाल आणि घे वास खोऱ्याच्या नावाचा!"

ब्रांदुरनं रुमाल काढला नाही.

ओद्नी इंग्वारकडे वळली. तिला वाटलं होतं की ती भांडेल. पण तिचा आवाज एकदम खाली आला.

"मागायचं होतंस," ती म्हणाली. "एवढंच करायचं होतं."

"मी?" इंग्वार म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला. "मी मागायचं? कुणाच्या दारात जाऊन?"

"माझ्या. दर गुरुवारी यायचास त्या दारात. तेव्हा मला नाही वाटली लाज तुझ्या हातून राख काढून घ्यायला. तू दिलंस ते घेतलं मी. तुला माझ्याकडून मूठभर गवत घ्यायची शरम वाटली, आणि ह्या मुक्या गाभण जीवांची हाडं पोकळ करायची नाही वाटली. मला तुझी किळस येते, इंग्वार. तुझ्या आवाजाचीसुद्धा येते."

इंग्वारनं तोंड उघडलं. एखादं कडवं त्याच्या ओठांवर आलं असेलही. पण ते बाहेर पडायच्या आत सिगफूस मोठ्यानं म्हणाला, "माझं घर जवळ आहे. मी गठ्ठा घेऊन येतो," आणि तो तरातरा निघून गेला. थोड्या वेळानं बाहेर त्याच्या जुन्या ट्रॅक्टरची फटफट ऐकू आली.

गवत आलं. सिगफूसनं प्लास्टिक फाडलं, आणि उन्हाळ्याचा हिरवा आंबूस वास त्या घाणीत शिरला. मेंढ्यांच्या नाकपुड्या हलल्या. आता ब्रांदुरलाही काहीतरी करून दाखवायची घाई झाली. त्यानं दाताळ्यानं मोठा भारा उचलला आणि गव्हाणीत टाकायला निघाला.

"थांब!" ओद्नी ओरडली. "मारतोस का त्यांना? फुगून मरतील सगळ्या. मूठभर. एकेकीला मूठभर, आणि मग थांबायचं."

मग ती गव्हाणीच्या एका टोकापासून सुरू झाली. हातानं गवत सोडवायचं, मोकळं करायचं, एकेकीच्या तोंडासमोर ठेवायचं. सोलवेग दुसऱ्या टोकापासून. इंग्वार काही वेळ दारात उभा राहिला. मग तो घराकडे गेला. बर्फात त्याची चाल तेवढीच सरळ होती, जेवढी मंचावरून उतरताना असायची.

अहवाल त्याच दिवशी गेला. गुरांचा डॉक्टर आला, ज्यांना उठवतच नव्हतं त्यांना त्यानं सुई देऊन कायमचं निजवलं. खड्डा उपसला. इंग्वारला त्याची मुलगी येऊन रेक्याविकला घेऊन गेली, त्याला विश्रांतीची गरज आहे असं सगळ्यांना सांगण्यात आलं. उरलेल्या मेंढ्यांवर देखरेख ओद्नीनं ठेवायची असं पंचायतीनं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, दुसरं कुणी तयारच झालं नाही.

आणि खोरं? खोऱ्यानं ओद्नीकडे पाठ फिरवली. दुकानात ती गेली की बायका अचानक साबण निवडायला लागायच्या. फोन यायचे. "चूक त्याची होती गं, आम्ही कुठे नाही म्हणतो? पण एवढा मोठा माणूस. जरा थांबली असतीस, आपल्यातच बोलली असतीस." बोलणाऱ्यांपैकी एकानंही तो मेंढवाडा पाहिला नव्हता. ज्या ब्रांदुरनं पाहिला होता तो समोरून गाडीतून जाताना हात करायचा थांबला.

एका सकाळी ओद्नीला दाराच्या पायरीवर तिची स्वतःची काठवट सापडली. त्या दिवशी ती सभागृहातच राहिली होती. कुणीतरी आणून ठेवली होती, दार न वाजवता. जेवणं झाल्यावर मागे राहिलेल्या काठवटी धुऊन, पुसून, आत पावाचा एखादा तुकडा ठेवून परत करतात. हिच्यात तिनं भरलेलं सगळं तसंच होतं. कुणी त्याला हात लावला नव्हता. आंबवलेल्या मांसावर केसाळ बुरशी धरली होती. ओद्नीनं ते खतावर ओतलं, गरम पाण्यानं काठवट घासघास घासली, आणि घासता घासता ती रडली. मग तीच काठवट बगलेत मारून ती होलला गेली. मेंढ्यांना पीठ मळून घालायला भांडं हवंच होतं.

रविवार होता. सोलवेग आधीच गव्हाणीशी होती. त्या दोघी आता एकमेकींशी फारशा बोलत नसत, पण काम वाटून घेत. मेंढ्या थोड्या सावरल्या होत्या, उभ्या राहायच्या, चघळायच्या, पण अजून आवाज करत नव्हत्या. ओद्नीला तेच टोचायचं. गवत समोर ठेवलं तरी त्या आधी तिच्या हाताकडे बघायच्या आणि मगच तोंड लावायच्या. मालक बदलल्याचं त्यांना कोण सांगणार?

खिळ्यावरच्या रेडिओत चर्चची प्रार्थना संपली. शेवटचं भजन झालं. मग क्षणभर शांतता, आणि मग तो आवाज.

"सुप्रभात. आजचं कडवं पाहुण्याचं."

सोलवेगच्या हातातलं गवत खाली पडलं. भाषणं त्यानं शरद ऋतूतच ध्वनिमुद्रित करून ठेवली होती, आणि ती थांबवायचं रेडिओवाल्यांच्या डोक्यात आलं नव्हतं किंवा त्यांना अजून काही कळलंच नव्हतं. जाड, उबदार आवाज त्या पत्र्याच्या मेंढवाड्यात पसरला. दाराशी जो आला त्याला आधी काय द्यावं, कुठे बसवावं, त्याचे गारठलेले गुडघे कसे शेकावेत, आजच्या दिवसात याचा अर्थ काय, असं तो सावकाश सांगत होता.

मेंढ्यांनी माना वर केल्या. एकीचे कान उभे राहिले, मग दुसरीचे. कोपऱ्यात बसलेली म्हातारी मेंढी धडपडत पुढच्या गुडघ्यांवर आली, पडली, पुन्हा उठली. त्या सगळ्या एकमेकींना ढकलत रेडिओच्या बाजूच्या गव्हाणीकडे गोळा झाल्या आणि वर बघायला लागल्या. हा आवाज आला की गवत येतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मग पहिल्यांदा एक ओरडली. लगेच दुसरी ओरडली, आणि मग सगळा मेंढवाडा ओरडायला लागला, भुकेनं, आशेनं, इतक्या मोठ्यानं की इंग्वार काय सांगतोय ते ऐकूच येईना.

"शी, शी गं बाई," सोलवेग म्हणाली. तिनं कानांवर हात घेतले. मग ती रेडिओकडे धावली. "बंद करते. बंद करते मी हा."

 त्या दाटीत, मान वर करून, आपण स्वतःच उभ्या आहोत असं ओद्नीला वाटलं. चुलीची राख, कॉफी आणि गुरुवार, सगळं एकदम आठवलं आणि सगळ्याचीच शिसारी आली.

"नको," ती म्हणाली. "आता बंद केलास तर गप्प होतील त्या."

तिनं काठवट खाली ठेवली. गठ्ठ्यातून गवत सोडवून घेतलं, रेडिओखालच्या गव्हाणीपाशी गेली, आणि जिनं पहिल्यांदा तोंड उघडलं होतं तिच्यापुढे एक मूठ ठेवली.